राज्य करणारा उपरी

दिवसभराची कामं उरकून दसरा चौकातल्या या सभागृहाकडे वळलेल्या माझ्या कोल्हापूरकर श्रोत्यांनो,

आजच्या विषयाचं नाव पत्रिकेत छापून आलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "बाई, इंग्रज जाऊन पाऊणशे वर्षं झाली. आता त्यांच्या परकेपणाची कणव कशाला करायची? आमचं काय कमी झालं होतं?" प्रश्न रास्त आहे. मी त्याला सांगितलं, व्याख्यानाला ये, शेवटपर्यंत बस, उत्तर तिथं देते. तो आलाय. मागच्या रांगेत बसलाय. म्हणजे आज मला विषय सोडून पळता येणार नाही.

सुरुवात आपल्याच एका सवयीपासून करते. कोल्हापुरात नवा माणूस दिसला की आपण त्याचं नाव नंतर विचारतो. आधी विचारतो, "पाव्हणं, गाव कुठलं म्हणायचं?" गावातलाच असला तर पेठ कुठली, पेठ कळली तर तालीम कुठली. शिवाजी पेठ म्हटलं की एक माणूस उभा राहतो, मंगळवार पेठ म्हटलं की दुसरा. आणि या प्रश्नाला जोडून दुसरा प्रश्न येतो, तो आपण विसरत नाही. "जेवलासा काय?" हे दोन प्रश्न मिळून एक जोडी आहे. पहिला प्रश्न माणसाला जागा विचारतो, दुसरा त्याला जागा देतो. ही जोडी लक्षात ठेवा. आज मी पुन्हा पुन्हा तिच्यापाशी येणार आहे.

जुन्या मराठी मुलखात गावातले शेतकरी दोन प्रकारचे मानले जात. एक मिरासदार, ज्याची जमीन वडिलोपार्जित. तो दुष्काळात परागंदा झाला आणि कित्येक वर्षांनी परतला, तरी गाव त्याचा हक्क मानत असे. दुसरा उपरी. तो बाहेरून आलेला, कराराने जमीन कसणारा, आज इथं तर उद्या तिथं. मिरासदाराला गावात मान, उपऱ्याला फक्त काम. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं १८१९ साली जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला, त्यात या मिरासदारीची बारकाईनं नोंद आहे. त्याच्या हाताखालच्या कलेक्टरांनी गावोगाव बसून चौकशी केली, तू मिरासी की उपरी? कुणब्याला विचारलं, पाटलाला विचारलं, देशपांड्याला विचारलं. एका माणसाला मात्र हा प्रश्न कुणी विचारला नाही. खुर्चीवर बसून लिहून घेणाऱ्या साहेबाला! तो स्वतः कोण होता? सगळ्या मुलखाचा सारा त्याच्या हातात होता, पण त्या मुलखातल्या एकाही गावाला तो 'माझं गाव' म्हणू शकत नव्हता. आपल्या इतिहासात राज्य करणारे पुष्कळ झाले. राज्य करणारा उपरी मात्र हाच.

आज मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, या उपरेपणाची व्यवस्था कुणी केली. दुसरी, त्याची किंमत कुणी मोजली. तिसरी, त्यातून सुटले ते कोण आणि कशामुळे. आणि मग जाता जाता आरसा आपल्याकडे वळवणार आहे, कारण तो वळवला नाही तर मागच्या रांगेतला प्रश्न तसाच राहील.

पहिली गोष्ट. आपला समज असा, की इंग्रज इथं रमला नाही तो हवेमुळे, उन्हामुळे, कॉलऱ्यामुळे. हे अर्धंच खरं. त्याला रमू द्यायचं नाही हे त्याच्या सरकारनंच ठरवलं होतं. कंपनीच्या नोकरीत नसलेल्या इंग्रजाला हिंदुस्थानात राहायचं तर परवाना लागायचा. १८३३ च्या सनदी कायद्यानं ही अट सैल झाली. का होती ही अट? अमेरिकेचा अनुभव ताजा होता. तिकडे जाऊन वसलेली इंग्रज माणसं दोन-चार पिढ्यांत अमेरिकन झाली आणि राजावरच उलटली. यॉर्कटाउनला १७८१ मध्ये शरण आलेला लॉर्ड कॉर्नवॉलिस, तोच पाच वर्षांनी गव्हर्नर जनरल म्हणून कलकत्त्याला आला. त्याच्याच काळात, १७९१ मध्ये, हिंदी आईच्या पोटी जन्मलेल्या मुलांना कंपनीच्या मोठ्या नोकऱ्यांचे दरवाजे बंद झाले. म्हणजे बापानं इथं संसार मांडला तर मुलगा साहेब होणार नाही. हिशेब सरळ होता. ज्याची मुळं रुजतात तो मालकाचं ऐकत नाही. म्हणून मुळंच धरू द्यायची नाहीत.

मग राहिली ती बदली. तीन वर्षं इथं, दोन वर्षं तिथं. बंगला सरकारी, सामान लिलावात घेतलेलं, जाताना पुन्हा लिलावात विकायचं. आपल्याकडे बिऱ्हाड हा शब्द आहे. बिऱ्हाड हलवता येतं, घर हलवता येत नाही. साहेबाचं आयुष्यभर बिऱ्हाडच राहिलं. सगळे बंगले त्याचे आणि घर एकच, समुद्रापलीकडचं. 'होम' म्हटलं की तेच.

आता आपल्या गावचंच उदाहरण घेऊ. या सभागृहातून बाहेर पडलात की चालण्याच्या अंतरावर टाउन हॉल आहे, सीपीआर दवाखाना आहे. थोडं पुढं कसबा बावड्याच्या वाटेवर नवा राजवाडा आहे. या तिन्ही इमारतींमागे एकाच माणसाचं डोकं आहे. मेजर चार्ल्स मँट, रॉयल इंजिनिअर्सचा अधिकारी. टाउन हॉल १८७६ च्या सुमाराचा. दवाखान्याचं मूळ नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल, पुढे ते छत्रपती प्रमिलाराजेंच्या नावानं झालं आणि आपल्या तोंडी सीपीआर. राजवाड्याचं काम १८७७ ला सुरू झालं आणि १८८४ ला संपलं. बडोद्याचा लक्ष्मीविलास आणि अजमेरचं मेयो कॉलेज यांचा आराखडाही त्याचाच.

या माणसानं काय केलं ते नीट बघा. त्यानं इथं लंडनची नक्कल उभारली नाही. हिंदू देवळाचे खांब, मुसलमानी कमानी, राजपुती छत्र्या आणि मधोमध विलायती घड्याळाचा मनोरा असं एकाच इमारतीत जमवून आणलं. नव्या राजवाड्याकडे पाहताना मला नेहमी वाटतं, हा माणूस दगडात काहीतरी विचारत होता. इथलं आणि तिथलं एका छपराखाली नांदेल का? दगडात नांदलं. माणसात? मँट १८८१ मध्ये वारला, वय चाळीस-बेचाळीस. राजवाडा पुरा झालेला त्यानं पाहिला नाही. शेवटी त्याच्या मनानं घेतलं की आपली गणितं चुकली आहेत आणि आपण बांधलेल्या इमारती कोसळणार आहेत, असं सांगितलं जातं. इमारती आजही उभ्या आहेत. टाउन हॉलच्या बागेत शेंगदाणे खात बसलेल्या एकालाही त्याचं नाव ठाऊक नसतं, आणि त्यात बसणाऱ्याचा काही दोष नाही. मँटच्या नावावर इथं एक इमारत सोडाच, एक उंबरा नव्हता.

आता दुसरी गोष्ट. या व्यवस्थेची किंमत कुणी मोजली? सगळ्यात आधी मुलांनी.

मुंबईत जे. जे. स्कूलच्या आवारात ३० डिसेंबर १८६५ रोजी एक मुलगा जन्मला. रुडयार्ड किपलिंग. आयाच्या कडेवर वाढला, हिंदुस्थानी बोलत वाढला. सहा वर्षांचा होत नाही तोच त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला विलायतेला नेऊन साउथसीतल्या एका अनोळखी कुटुंबात ठेवलं आणि आईबाप परत मुंबईला आले. पाच-सहा वर्षं त्या घरात त्यानं छळ सोसला. हे एकट्या किपलिंगच्या घरचं नव्हतं, ती रीतच होती. मूल सहा-सात वर्षांचं झालं की 'होम'ला पाठवायचं, नाहीतर ते इथलं होईल, त्याच्या उच्चारात इथली माती मिसळेल. आणि आईनं काय करायचं? नवऱ्याजवळ राहावं तर मुलं अंतरतात, मुलांबरोबर जावं तर नवरा अंतरतो. १८६९ मध्ये सुवेझचा कालवा झाला आणि बोटीचा प्रवास सोपा झाला, पण ताटातूट काही कमी झाली नाही. ती फक्त वेळापत्रकात बसली.

हाच किपलिंग पुढे साम्राज्याचा भाट झाला, हे मी विसरलेले नाही, तुम्हीही विसरू नका. पण ज्या मुलाला स्वतःच्या जन्मगावातून असं उपटलं, त्यानं आयुष्यभर त्या गावावर मालकी सांगत बसावं यात मला नुसता गर्व दिसत नाही. ज्याला घर म्हणता येत नाही त्याला माणूस इस्टेट म्हणतो.

कोल्हापुरात असंच एक कुटुंब होतं, इंग्रज नव्हे, अमेरिकन. रॉयल वायल्डर हे मिशनरी १८५२ मध्ये इथं आले. वायल्डर मेमोरियल चर्च ठाऊक आहे ना? तेच. त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ मध्ये याच गावात जन्मला. पुढे अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या मिशनरी चळवळीचा मोठा पुढारी म्हणून नावाजला. कुटुंब अमेरिकेला परत गेलं. वडील तिकडेच वारले. आणि मग त्याची आई आणि बहीण ग्रेस काय करतात? बोटीत बसून इकडे परत येतात आणि इस्लामपूरसारख्या गावात काम करत राहतात. त्यांच्या धर्मप्रचाराबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, मला एवढंच दिसतं की 'मायदेशी' जाऊन आलेल्या दोन बायकांना आपलं काम, आपली माणसं आणि बहुधा आपलं गावही कृष्णाकाठी सापडलं.

आणि आणखी एक समाज आहे, ज्यानं ही किंमत पिढ्यानपिढ्या मोजली. अँग्लो-इंडियन. दौंड, भुसावळ, इगतपुरी इथल्या रेल्वे वसाहतींत यांची घरं. इंजिन यांनी चालवली, सिग्नल यांनी पाहिले, तारायंत्रावर हे बसले. इंग्रजाच्या क्लबात यांना जागा नाही आणि आपल्या वाड्यातही नाही. यांच्या घरात न पाहिलेल्या 'होम'च्या गोष्टी चालायच्या. स्वातंत्र्यानंतर बरेच जण त्या 'होम'ला गेले आणि तिथं उतरल्यावर कळलं की आपण तिथं इंडियन आहोत. जे इथं राहिले त्यांच्यासाठी राज्यघटनेनं लोकसभेत आणि विधानसभांत नियुक्तीची तरतूद ठेवली होती. ती जानेवारी २०२० मध्ये संपली. फारशी चर्चाही झाली नाही. तुमच्यापैकी किती जणांनी ती बातमी वाचली होती? हात वर करू नका, मला अंदाज आहे.

आता तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा. या उपरेपणातून सुटले ते कोण?

मराठीत एक शब्द आहे, ऋणानुबंध. आपण लग्नपत्रिकेत तो छापून छापून गुळगुळीत केलाय, पण तो फोडून पाहा. ऋणाचा अनुबंध, देण्याघेण्यानं बांधलं जाणं. आपल्या भाषेनं नात्याची व्याख्या प्रेमावर केली नाही, देण्यावर केली. मी तुमचं काही लागतो, म्हणजे मी तुमच्याशी बांधलेला आहे. 'तुमचं माझं काय लागतं?' असं आपण भांडणात विचारतो, ते उगीच नाही.

राज्यकर्त्याची अडचण इथंच होती. त्याचा समज होता की तो सगळं देतो. रस्ते देतो, न्याय देतो, रेल्वे देतो. तो घेत होता पुष्कळ, पण ते त्याच्या वहीत हक्क म्हणून लिहिलेलं असे, ऋण म्हणून नाही. ज्याच्या वहीत कुणाचं देणंच नाही, त्याचा कुणाशी अनुबंध कसा होणार? आणि ज्यांनी ऋण मान्य केलं, त्यांचं काय झालं ते पाहा.

जेम्स मोल्सवर्थ. १८१२ मध्ये कोवळ्या वयात फौजेत दाखल व्हायला आला. पुढची कित्येक वर्षं शास्त्री-पंडितांसमोर विद्यार्थी होऊन बसला, शेतकऱ्याचा, कोकण्याचा, बाजारातला शब्दन् शब्द गोळा केला. १८३१ मध्ये त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला आणि १८५७ मध्ये वाढवलेली दुसरी आवृत्ती. जरा थांबा. १८५७! त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस आपल्या कोल्हापुरात सत्ताविसावी पलटण उठली होती. इथं इंग्रज अधिकारी तोफा डागत होते आणि तिकडे एक इंग्रज मराठीचे साठ हजार शब्द छापून काढत होता. दोघं एकाच सत्तेचे. मोल्सवर्थ शेवटी विलायतेत वारला. पण आजही एखादा जुना शब्द अडला की आपण म्हणतो, "मोल्सवर्थ बघ." हे त्याचं गाव.

त्याचा सहकारी मेजर थॉमस कँडी. मराठी छापील वाक्याला स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविरामाचं वळण लावण्यात याचा मोठा वाटा. त्यानं मराठीला इंग्रजी वळण लावलं असा आक्षेपही आहे, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. हा माणूस १८७७ मध्ये महाबळेश्वरला वारला. पन्नासहून अधिक वर्षं या भाषेत काढली. आज तुम्ही घरी जाऊन वर्तमानपत्र उघडाल, तेव्हा जिथं जिथं दम घ्याल, तिथं तिथं कँडी उभा असेल.

मेजर रॉबर्ट गिल. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला १८४४ मध्ये कंपनीनं त्याला पाठवलं आणि तो तिथलाच झाला. वर्षानुवर्षं काढलेली त्याची चित्रं लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगली होती. १८६६ मध्ये तिथं आग लागली, बहुतेक सगळी जळाली. माणूस खचला नाही, पुन्हा कामाला लागला. १८७९ मध्ये वारला, थडगं भुसावळला. तिथल्या पारोची आणि त्याची प्रेमकहाणी तुम्हाला ठाऊक आहे. ना. धों. महानोरांनी तिच्यावर काव्य लिहिलं, सिनेमा झाला. अजिंठ्याला पारोचं थडगं आहे, १८५६ सालचं. मला फक्त एक शंका विचारू द्या. गिलला अजिंठ्यात घर मिळालं असं आपण म्हणतो. पारोला काय मिळालं? साहेबाबरोबर राहिलेल्या बाईला तिच्याच गावात उंबरा उरला होता का? एकाचं उपरेपण फिटावं म्हणून दुसरीला उपरं व्हावं लागलं असेल, तर तो हिशेबही मांडायला हवा. आपण तो मांडत नाही, कारण प्रेमकथा ऐकायला बऱ्या वाटतात.

आणि चौथा, बेंजामिन गाय हॉर्निमन. 'बॉम्बे क्रॉनिकल'चा संपादक. रौलेट कायद्यावर आणि पंजाबातल्या अत्याचारांवर बेधडक लिहिलं म्हणून सरकारनं एप्रिल १९१९ मध्ये त्याला उचलून बोटीत घातलं आणि हद्दपार केलं. कुठं? इंग्लंडला! श्रोतेहो, एका इंग्रजाला शिक्षा म्हणून त्याच्या मायदेशी पाठवलं. मायदेश हीच काळ्या पाण्याची शिक्षा झाली! तो सात वर्षं झगडला, १९२६ मध्ये परत आला आणि १९४८ मध्ये वारला. मुंबईत ज्या चौकाला एल्फिन्स्टन सर्कल म्हणत, त्याला आज हॉर्निमन सर्कल म्हणतात. हा एल्फिन्स्टन अहवालवाला माउंटस्टुअर्ट नव्हे, पुढचा लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन; तो गव्हर्नर होता, हॉर्निमन संपादक होता आणि हद्दपार होता. गावानं पाटी कुणाची लावली?

आपल्या शिवाजी चौकातही आधी पुतळा होता तो गव्हर्नर विल्सनचा. बेचाळीसच्या धामधुमीत भागीरथीबाई तांबट आणि जयाबाई हवीरे या दोघींनी तो विद्रूप केला, पुढे तो हटला आणि १९४५ मध्ये तिथं शिवछत्रपती उभे राहिले. पुतळा हुकुमानं बसवता येतो. पण चौक तसा आपला होत नाही.

आता आरसा वळवते.

आपला एक राजा परमुलखात गेला. छत्रपती राजाराम, वय अवघं वीस. १८७० मध्ये विलायतेला गेला, इंग्रजीत रोजनिशी लिहिली, राणीला भेटला आणि परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वारला. परक्या शहरात, परक्या धर्माच्या लोकांत त्याचं दहन कसं करायचं? शहरानं परवानगी दिली. आर्नो आणि मुन्योने या दोन नद्यांच्या संगमावर चिता पेटली. तिथं पुढे छत्री उभी राहिली, आत राजारामांचा अर्धपुतळा. आणि त्या छत्रीचा आराखडा कुणाचा? आपल्याच मेजर मँटचा. पुढे तिथं आर्नोवर जो मोठा पूल झाला, त्याला लोक 'हिंदी माणसाचा पूल' म्हणतात. म्हणजे कोल्हापूरच्या राजाला इटलीत पत्ता मिळाला, तोही कोल्हापुरात बिनपत्त्याच्या राहिलेल्या इंजिनिअरकडून.

दुसरे कोल्हापूरच्याच राजघराण्यातले चिमासाहेब. सत्तावन्नच्या उठावाशी संबंध असल्याच्या संशयावरून इंग्रजांनी त्यांना कराचीला नेऊन ठेवलं. तिथंच १८६९ मध्ये ते वारले. त्यांना पुन्हा पंचगंगा दिसली नाही. साहेबाच्या वनवासाबद्दल बोलताना हा वनवास पारड्यात ठेवलाच पाहिजे. साहेब पेन्शन घेऊन घरी जात होता. चिमासाहेबांना जायला घर होतं, पण वाट बंद केली होती. दोन्हींना एकच शब्द लावला तर तो शब्द खोटा पडेल.

तिसरी गोष्ट वळिवड्याची. दुसऱ्या महायुद्धात रशियानं सैबेरियात हाकललेले पोलिश लोक इराणमार्गे हिंदुस्थानात आले. त्यातले सुमारे पाच हजार, बहुतेक बायका आणि मुलं, १९४३ ते १९४८ आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहिले. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होती. भाजी आपल्या बाजारातली होती. काही मुलींनी इथंच लग्नं केली आणि त्या इथल्याच झाल्या. महावीर उद्यानात त्यांचं स्मारक आहे. तेव्हाची पोरं पिकल्या केसांची होऊन, नातवंडांना घेऊन वळिवडं बघायला येत राहिली. इंग्रज कलेक्टराचा नातू येतो तो बहुधा आजोबांचा बंगला बघायला. ही माणसं आपली शाळा आणि आपलं गाव बघायला येत होती. असं का झालं? यांच्या हातात सत्ता नव्हती, म्हणून यांना घ्यावं लागलं. निवारा घेतला, पाणी घेतलं, शेजार घेतला. देणं लागू झालं आणि अनुबंध झाला.

आणि गोष्ट तिथं संपत नाही. पोलिश गेले आणि त्याच बराकींत फाळणीनं उखडलेले सिंधी आले. वळिवड्याच्या छावणीचं गांधीनगर झालं. आज लग्नाचा बस्ता बांधायला अख्खा जिल्हा तिथं जातो. साडी पसंत करताना तुम्हाला कधी वाटलं का, की आपण एका निर्वासिताच्या घरात, दुसऱ्या निर्वासितानं रिकाम्या केलेल्या जागेवर बसलोय? वाटत नाही. न वाटण्याइतके ते आपले झाले.

मग आपण काय, सगळ्यांना कवेत घेणारे? मागच्या रांगेतल्या मित्रा, आता तुझं उत्तर. इंग्रजाच्या परकेपणाची कणव मी करत नाही. मी ते तपासते, कारण परकं करण्याची कला आपल्यालाही चांगली येत होती. साहेबाला आपण मुजरा केला, पण पंगतीला घेतलं नाही. त्याच्या स्पर्शानं विटाळ मानणारे आपल्यात होतेच. भिंत दोन्ही बाजूंनी बांधलेली होती. आणि साहेबाचं सोडा, तो आला नि गेला. जी माणसं हजार वर्षं याच शिवारात राबली त्यांना आपण गावकुसाबाहेर ठेवलं. गाव कुठलं, हे त्यांना कुणी विचारायची गरजच नव्हती. गाव माहीत होतं. दुसरा प्रश्न मात्र त्यांना कुणी विचारत नव्हतं.

शाहू महाराज घडले ते स्टुअर्ट फ्रेजर नावाच्या एका इंग्रज शिक्षकाच्या हाताखाली, धारवाडला. त्यांना साहेबाची भाषा येत होती, साहेबाचं टेबल ठाऊक होतं. फ्रेजर पुढे म्हैसूर, हैदराबाद, काश्मीर असा बदलीच्या वाटेनं फिरत राहिला. आणि त्याचा विद्यार्थी? तो याच भाऊसिंगजी रस्त्यावर थांबला. गंगाराम कांबळे हा महाराजांच्या पदरचा अस्पृश्य नोकर. पाण्याला हात लावला म्हणून त्याला मार खावा लागला होता. महाराजांनी त्याला चहाचं हॉटेल काढून दिलं. इथवरच थांबलं असतं तर ते राजाचं दान झालं असतं, साहेबानंही केलं असतं. पुढचं साहेबाला जमलं नसतं. महाराजांची गाडी त्या हॉटेलासमोर थांबायची आणि छत्रपती गंगारामकडून चहा मागून घ्यायचे. बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही प्यायला लावायचे.

त्या रस्त्यावर तेव्हा काय घडलं? देणारा राजा घेणारा झाला. ज्याच्याकडे सगळं होतं त्यानं एका माणसाचं एका कपाचं देणं उघड्या रस्त्यावर स्वीकारलं. दीडशे वर्षांच्या राज्यात साहेबाला जे करता आलं नाही ते एवढंच होतं.

आज इचलकरंजीच्या मागावर ओडिशा-बिहारची पोरं उभी असतात. उसाच्या फडात बीडची टोळी उतरते. आपली स्वतःची पोरं पुण्यात, बंगळूरात, अमेरिकेत भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडून बसलीत आणि तिकडे त्यांना कुणीतरी विचारतंय, तुम्ही मूळचे कुठले? त्या आवाजात काय असेल ते आपल्या हातात नाही. आपल्या आवाजात काय असावं ते आहे.

आता हॉलच्या बाहेर चहाची गाडी लागलेली आहे. तिथला पोऱ्या कुठला आहे मला माहीत नाही, येताना विचारायचं राहून गेलं. जाताना विचारणार आहे, आणि त्यानं जेवण केलंय का, तेही.